न वाजणारा डबा

शॉमबर्ग, १७ ऑगस्ट २०२५

पद्मजाताई,

पाकिटावरचं नाव बघूनही तुम्ही हे पत्र उघडलंत, म्हणजे अर्धं काम झालं. पूर्वी मी ‘प्रिय विहीणबाई’ असा मायना घालत असे. परीक्षित आणि रेणू वेगळे झाले, तेव्हा पुढे काय लिहायचं ते आपल्याला कोणी सांगितलं नाही. म्हणून सरळ नाव घातलं. तुमच्या फोनवर माझा नंबर बंद आहे, आणि फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते एकदा पाहून झालंय. पत्रात निदान एका वेळी एकच बाई बोलते. त्या फोनबद्दल मी काही लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका.

कामाचं लिहिते. मी वेबसाइट बनवायला शिकते आहे. हसून घ्या. इथल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी वर्ग भरतो. शिकवणारा वेदांत मूळचा साताऱ्याचा, इथे एम.एस. करतो. वर्गात वयाने मी पहिली आणि माझ्याखालोखाल रॉन, ज्याने जन्मभर शाळेची बस चालवली. प्रत्येकाने स्वतःचं एक पान तयार करायचं आहे. रॉनचं पान त्याच्या कुत्र्यावर आहे. माझं आहे भोंडल्याच्या खिरापतीवर. मधे हत्ती, हत्तीपुढे झाकलेला डबा. डब्यावर क्लिक केलं की तो हलतो. मग खालच्या चौकटीत ओळखून लिहायचं, आत काय आहे. बरोबर आलं तर झाकण उघडतं, चुकलं तर हत्ती मान हलवतो. ती मान हलवायला मला सबंध जुलै लागला.

आता अडचण ऐका. पान झालं तसं मी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. पाच मिनिटांत कौतुकाचा पाऊस. ‘व्वा शैलजाताई’, ‘किती सुंदर’, ‘या वयात हे, हॅट्स ऑफ’. मी दिवसभर हवेत. संध्याकाळी वेदांतला दाखवलं तर तो डोकं धरून बसला. मी पाठवलेला पत्ता माझ्याच कंप्युटरच्या पोटातला होता, बाहेरच्या कोणाला तो उघडणं शक्यच नव्हतं. म्हणजे एकाही माणसाने पान पाहिलं नव्हतं आणि सगळ्यांना ते आवडलं होतं. घरात मोरेश्वरांनी पाहिलं, तेही मॅच बघता बघता. ते म्हणाले, छान आहे.

वेदांत म्हणाला, “काकू, फीडबॅक म्हणजे कौतुक नव्हे. ज्याच्यासाठी पान केलंय त्याच्यासमोर ते ठेवायचं आणि गप्प बसायचं. एक्सप्लेन काही करायचं नाही. फक्त बघायचं, तो कुठे अडतो.”

मग मला तुमची आठवण झाली. राग मानू नका, पण तोंडावर खरं बोलणारी बाई माझ्या ओळखीत तुम्ही एकच. लग्नात सगळे श्रीखंडाची तारीफ करत होते, तेव्हा ‘आंबट आहे’ असं भर पंगतीत तुम्ही म्हणालात. आंबट होतंच.

तर माझी विनंती अशी. पानाचा खरा पत्ता सोबतच्या कागदावर लिहिला आहे. मधे जागा न सोडता जसाच्या तसा टाइप करा. आपल्या नातीला, अदितीला, त्याच्यासमोर बसवा आणि ती काय करते ते मला चार ओळींत कळवा. पानावर माझं नाव नाही, फोटो नाही. कोणी बनवलं हे तिला सांगायचं नसेल तर सांगू नका. मला फक्त माझ्या पानाची परीक्षा हवी आहे, दुसरं काही नाही.

ती आता किती उंच झाली असेल, हे मी विचारत नाहीये.

शैलजा


४ सप्टेंबर

पद्मजाताई,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं तेही माझ्या पानाचं प्रिंटआउट काढून, त्यावर लाल पेनाने. तुमच्या पॉलिटेक्निकातली पोरं तुम्हाला का घाबरत होती ते कळलं.

तुमचे सगळे मुद्दे मान्य. पांढऱ्यावर हळदीच्या रंगाची अक्षरं दिसत नाहीत. चौकट फोनवर अर्धी कापली जाते. हत्ती डुकरासारखा दिसतो, हे थोडं लागलं, पण मोरेश्वरांना विचारलं तर ते म्हणाले, आता तू म्हणतेस तर दिसतोय खरा. अदितीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा सूचना इंग्रजीतही हव्या आणि उत्तर इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी पानाला समजलं पाहिजे, हे मला आधी सुचायला हवं होतं. ‘भोंडलाच का, आमच्याकडे भुलाबाई बसवतात’ हा शेरा मात्र तांत्रिक नाही. नागपूरकडची भुलाबाई मी पुढच्या वर्षी करीन. खाऊ ओळखणं तुमच्याकडेही आहेच की.

‘डबा हलवल्यावर आवाज येत नाही, बिघाड असावा.’ याची नोंद घेतली.

रेणूला विचारून मगच पान दाखवलंत, हे बरं केलंत. तिची अट मला मंजूर आहे. नाव नाही, खूण नाही, पोरीला काही कळू द्यायचं नाही. दोघं वेगळी झाली तेव्हा ठरलं होतं की दोन्ही आयांनी यातून बाहेर राहायचं. तुम्ही नातीला सांभाळायला अमेरिकेत, रेणूकडे बॉथेलला आलात आणि बाहेर राहिले ती मी एकटी. हे मी भांडायला लिहीत नाही. जे आहे ते लिहिते.

आता तुमची शेवटची ओळ. ‘अदिती हत्तीच्या सोंडेवर बराच वेळ क्लिक करत होती, काही झालं नाही, मग दात पडलेल्या जागेत जीभ घालत बसून राहिली.’

मला तिचा दात पडल्याचं माहीत नव्हतं. परीक्षित तिकडे जाऊन आला की फोटो दाखवतो, पण फोटोत ती तोंड मिटून हसते. वरचा की खालचा? हा प्रश्न पानाच्या परीक्षेत बसत नाही, ठाऊक आहे. तुमची ती ओळ मी भाजी चिरताना वाचली, मग भाजी तशीच ठेवून पुन्हा वाचली. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की मला पानाबद्दलच जाणून घ्यायचं आहे. ते खोटं होतं, आणि तुम्हाला ते पहिल्या पत्रातच कळलं असणार.

शैलजा


१६ सप्टेंबर

पद्मजाताई,

सगळं दुरुस्त केलं. अक्षरं मोठी आणि काळी. हत्तीला नवे कान, आता तो कोणत्याही कोनातून हत्तीच आहे. सोंडेवर क्लिक केलं की तो सोंड वर करतो. हे मी मुद्दाम घातलं, कारण एका मुलीला ते हवं होतं. वेदांत म्हणाला, “काकू, यूजरने मागितलं आणि तुम्ही दिलंत, बेस्ट!” मी त्याला म्हटलं नाही की या यूजरने आकाश मागितलं तरी मी शिडी शोधत बसेन.

आवाजाचं राहिलंय. बघते.

तुमच्या या वेळच्या पत्राने मला हसवलं आणि रागही आणला. हसू अशासाठी की तिने खिरापत म्हणून पिझ्झा लिहिलं, मग मॅकरोनी, मग चकली, मग पुन्हा पिझ्झा, जणू हत्तीचं मन बदललं असेल. खालचा दात, तोही समोरचा, हे न विचारल्यासारखं करून सांगितलंत. उपकार झाले.

राग आला तो तुमच्या मोठ्या सूचनेचा. तुम्ही म्हणता, पान मुलाला सुटू देत नाही. अदिती जेवायला उठेना, चिडली, रडकुंडीला आली, कारण उत्तर आल्याशिवाय झाकण उघडतच नाही. म्हणून एक ‘हरले’ असं बटण घाला, ते दाबलं की डबा आपोआप उघडावा.

पद्मजाताई, हरायची सोय ठेवली तर ओळखायच्या भानगडीत पडेल कोण? मी पुण्यात वाढले. आमच्या वाड्यात माझ्या आईची खिरापत मुली सबंध संध्याकाळ ओळखत बसायच्या. आई काही केल्या सांगायची नाही. तिचा स्वभाव माझ्यात उतरलाय, असं परीक्षित म्हणतो, आणि तो हे कौतुकाने म्हणत नाही.

बटण घालणार नाही. बाकी काही असेल तर कळवा.

शैलजा


२८ सप्टेंबर

पद्मजाताई,

बटण घातलं.

तुमचं छोटं पत्र आलं. पूर्वी तुमची वाक्यं मला टोचायची. हे टोचलं नाही, नुसतं घरात फिरत राहिलं. तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्या आई सांगत नसत हे खरं असेल. पण ज्या मुलींना ओळखता यायचं नाही त्यांना शेवटी त्या रिकाम्या हाताने पाठवत होत्या का?’

नव्हती पाठवत. अंधार पडायला लागला की कोणीतरी सर्वांत लहान मुलगी ‘हरलो’ म्हणायची, आई झाकण काढायची आणि सगळ्यांच्या हातावर सारखंच पडायचं. ओळखणारीला जास्त असं काही नसायचं. हे मी इतकी वर्षं केलं आणि पान बनवताना नेमकं विसरले. सबंध खेळात जिंकण्याची वाट तेवढी लक्षात राहिली होती.

तर आता खाली लाल बटण आहे, ‘हरले’. दाबलं की झाकण उघडतं आणि मराठीत आणि इंग्रजीत लिहून येतं, ‘हरलात तरी खिरापत मिळते. हात पुढे करा.’ काल वर्गात सगळ्यांनी एकमेकांची पानं तपासली. रॉनने माझं पान उघडलं, डबा एकदाही न हलवता लाल बटण दाबलं आणि म्हणाला की इतक्या वर्षांच्या संसाराने हेच शिकवलंय. सगळा वर्ग हसला. वर्गातल्या झाडून सगळ्यांनी एक तक्रार मात्र लिहिली. डबा हलतो पण वाजत नाही.

नवरात्र सुरू आहे. मंडळाचा भोंडला पुढच्या शनिवारी शाळेच्या जिममधे आहे. मी खिरापत नेणार आहे. अदिती शेवटची आमच्याकडे भोंडल्याला आली तेव्हा पाच वर्षांची होती. आमच्या तळघरात पाटावर हत्ती काढला होता आणि तिला फेर धरायचा नव्हता, डब्याशेजारी बसून राहायचं होतं. दोनदा उचलून नेलं, दोनदा परत येऊन बसली.

नवीन पान तिला दाखवा. घाई नाही.

शैलजा


६ ऑक्टोबर, कोजागिरी

पद्मजाताई,

तुमचं पत्र दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं.

तुम्ही लिहिलंत ते पुन्हा लिहून काढते, म्हणजे माझी समजूत चुकायला नको. अदितीने डबा हलवला. ऐकत राहिली. पुन्हा हलवला, कान स्क्रीनला लावला. तुम्ही वेदांतच्या नियमाप्रमाणे गप्प बसलात. मग ती तुमच्याकडे वळून म्हणाली, “दॅट्स शॉमबर्ग आजीज डबा. शी पुट्स अ नॅपकिन, सो यू कान्ट हिअर.” रेणू स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं. आणि तुम्ही मला विचारलंय, ‘खूण ठेवणार नाही असा शब्द दिला होतात. हा बिघाड होता की खूण?’

खरं सांगते. आधी बिघाडच होता. मला आवाज घालता येत नव्हता. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच शनिवारी वेदांतने मला ते शिकवलं. माझ्याच डब्यात चकल्या घालून आम्ही आवाज रेकॉर्ड केला, पानावर घातला, वर्गात वाजवून बघितला. उत्तम खुळखुळला. घरी आले आणि मी तो काढून टाकला. तुम्हाला लिहिलं, राहिलंय, बघते.

डब्यात वड्या नॅपकिनमधे घट्ट गुंडाळायच्या, म्हणजे हलवला तरी आवाज येत नाही आणि गोड की तिखट याचा पत्ता लागत नाही, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी तळघरात अदितीला मी हे गुपित दाखवलं होतं, ती डबा सोडून उठेना म्हणून. दोघींनी मिळून नॅपकिन गुंडाळला होता. पाच वर्षांच्या मुलीच्या लक्षात राहील असं मला वाटलं नव्हतं. राहावं असं वाटत होतं. या दोहोंमधे जे काही असतं, त्यातून मी तो आवाज काढून टाकला. शब्द मोडायचा नव्हता, आणि मोडला गेला तर चालेल असंही वाटत होतं. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

परीक्षितला फोन करून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, तू यात पडू नकोस म्हटलं होतं ना मी.” चिडून नाही म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “पण तिने खरंच कान लावला स्क्रीनला?”

आता तुमच्या आणि रेणूच्या हातात आहे. तुम्ही एक ओळ लिहा, मी चकल्यांचा आवाज परत घालीन. पाच मिनिटांचं काम आहे. मग तो कोणाचाही डबा होईल आणि अदितीला वाटेल आपली चूक झाली. लहान मुलं अशा चुका विसरतात. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण तुमच्यावर राग धरणार नाही, कारण तुम्ही माझं पान तपासलंत तितकं मन लावून या देशात माझं काही कोणी पाहिलेलं नाही.

मसाल्याचं दूध केलंय. मोरेश्वर गच्ची नसल्याबद्दल दरवर्षीप्रमाणे कुरकुर करत गॅरेजपुढे खुर्च्या मांडताहेत.

शैलजा


१५ ऑक्टोबर

पद्मजाताई,

तुमचं पत्र मोरेश्वरांनी पेटीतून आणलं आणि माझ्या हातात न देता आधी स्वतः चष्मा लावला. वाचून ते म्हणाले, बस, खुर्चीवर बस आधी. मला वाटलं, संपलं.

पहिली ओळ वाचली. ‘आवाज घालू नका.’

पुढचं तुम्ही तुमच्या पद्धतीने, मुद्दे पाडून लिहिलंय. दुसरा मुद्दा अदितीचा. अदितीला डबा कोणाचा ते ओळखू आलं, पण आतल्या वड्यांचं नाव काही आठवेना. ‘ब्राऊन, अँड इट मेल्ट्स’ एवढंच तिला सांगता येत होतं. ते लिहिलं तर हत्तीने मान हलवली. ती रेणूकडे गेली. रेणू हात पुसत आली, स्क्रीनसमोर उभी राहिली. रेणूला नाव ठाऊक होतं. पोटुशी असताना तिने माझ्याकडे हट्टाने मागून खाल्लेली गुळपापडी ती विसरणं शक्य नाही. तुम्ही लिहिता, तिने चौकटीत ‘गु’ लिहिलं, मग पुसलं. आणि लेकीचं बोट हातात धरून लाल बटण दाबलं.

हे वाचून मी खूप रडले. रेणूशी मी चांगली वागले की वाईट, याची चर्चा आता नको. नाव ठाऊक असून ‘हरले’ म्हणणाऱ्या मुलीबद्दल मला जे वाटतं ते मी तिला समोर सांगेन. ते पत्रात मावत नाही.

झाकण उघडल्यावर अदितीने खरंच हात पुढे केला, आणि स्क्रीनवरून हातात काही पडलं नाही म्हणून नाराज झाली, हा तुमचा तिसरा मुद्दा. पानातला हा दोष मात्र मला कोडिंगने दुरुस्त करता येणार नाही. म्हणून काल गूळ किसला. पीठ मंद आचेवर खमंग भाजलं, तूप हात सैल सोडून घातलं, वड्या थापल्या, कापल्या, निवू दिल्या. डबा तोच. नॅपकिनही तोच, निळ्या काठांचा.

आज सकाळी पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईने खोकं वजनाला ठेवण्याआधी सवयीने कानाजवळ हलवलं. काही वाजलं नाही. तिने मला विचारलं, आत काही आहे ना? मी म्हटलं, आहे. डबा दोन दिवसांत पोचेल, हे पत्र कदाचित मागून येईल.

वर्ग या शनिवारी संपतो. वेदांतने मला पुढच्या वर्गाला मदतनीस म्हणून बोलावलंय. मी हो म्हटलं आहे, भुलाबाईचं पान अजून व्हायचं आहे. तुमच्या लाल पेनात शाई ठेवा.

आणि तुमचा चौथा मुद्दा, जो तुम्ही अगदी खाली, सहीच्याही नंतर, जागा उरली म्हणून लिहावा तसा लिहिलाय. ‘माझ्या फोनवर तुमचा नंबर चालू केला आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ लावू. अदिती डबा उघडेल. नियम तोच, तुम्ही तिला काही समजावायचं नाही, फक्त बघायचं.’

रविवारी सकाळी मी तयार असेन. एक शब्द बोलणार नाही, नुसती बघेन.

शैलजा